राहीबाईचा अंगठा

"चौदावी बसवली तुमी माज्या पोरीला, आत्याबाई. चौदावी. तवर हाताला काय ऱ्हातंय?"

"ऱ्हातं. हाताचा गुन म्हंजी काय घागरीतलं पानी हाय, वतलं की संपलं?"

"मग पोरीला ताप का आला?"

"ताप कुनालाबी येतो."

"पयल्या दोघांना आला न्हाई. मी जाऊन इचारून आले."

अंजना चुलीपुढं बसून भाकरी थापत होती आणि दर वाक्यामागं एक थाप जादा पडत होती. तिची सासू राहीबाई उंबऱ्याशी बसून लसूण सोलत होती. हे भांडण काल दुपारी सुरू झालं होतं. मध्ये जेवणं झाली, झोप झाली आणि सकाळी ते जिथं थांबलं होतं तिथूनच पुढं चालू झालं. सोप्यात दावं वळत बसलेल्या नानासोंनी, म्हणजे राहीबाईच्या नवऱ्यानं, एवढ्या वेळात एकदाच तोंड घातलं होतं. भाकरी करपतेय एवढंच ते म्हणाले होते आणि ते खरं होतं.

आतल्या खोलीत सात वर्षांची हौसा घोंगड्यावर तापानं फणफणत पडली होती. तिचा बाप मानसिंग पलटणीत, झाशीला. त्यामुळं पोरीच्या बाजूनं भांडायचं काम एकट्या अंजनाकडं आलं होतं आणि ती ते मन लावून करत होती.

राहीबाईच्या हाताला गुण आहे याबद्दल सासूसुनेचं एकमत होतं. त्याबद्दल पंचक्रोशीतच एकमत होतं. वडूजपासून अडीच कोसांवरच्या त्या वाडीत आणि आसपासच्या चार वाड्यांत पोराचा घसा धरला की लोक रविवारी सकाळी पोर उपाशीपोटी आणून राहीबाईच्या ओट्यावर बसवत. घसा दुखतो म्हणजे पडजीभ खाली पडलेली असते, आणि पडलेली वस्तू उचलावी लागते, हे कुणालाही पटण्यासारखं होतं. राहीबाई उजवा अंगठा मीठ आणि चुलीतल्या मऊ राखेत बुडवायची, पोराचं तोंड उघडून तो पार आत घालायची आणि पडजीभ वर दाबायची. डाव्या हातानं टाळूवरची केसांची बट एकदा वर ओढायची. पोर ओकारी काढायचं, रडायचं, आई पदरानं त्याचं तोंड पुसायची आणि पुढचं पोर सरकायचं. बहुतेक पोरं चार दिवसांत बरी होत. ती तशीही झाली असती, पण तसं करून बघायला कुणी तयार नव्हतं.

हा हात तिला म्हसवडच्या सुलामावशीकडून मिळाला होता. मावशीला मूलबाळ नव्हतं. राहीबाई सोळा वर्षांची असताना एका ग्रहणात मावशीनं तिचा अंगठा मिठात धरून ठेवला आणि तीन गोष्टी सांगितल्या. घसा उचलल्याचं काही घ्यायचं नाही. आलेल्या पोराला परत पाठवायचं नाही. आणि शेवटचं पोर उठल्याशिवाय हात धुवायचा नाही, धुतला तर गुण उतरतो. राहीबाईनं त्यात चौथी गोष्ट स्वतःची घातली होती. घरचं पोर सगळ्यांत शेवटी. पंगतीत घरच्यांनी आधी जेवायचं नसतं, तसंच हे. गेल्या रविवारी नुसत्या खोकल्यासाठी बसवलेली हौसा त्यामुळंच चौदावी आली होती, आणि अंजनाचं दुखणं नेमकं तिथंच होतं.

"मानूस आदी आपल्या घरचं बगतं," अंजना म्हणाली.

"मानूस बगतं. मी घसं बगते."

यावर अंजनानं भाकरी तव्यात टाकली, म्हणजे जवळजवळ आपटली.

लसूण संपल्यावर राहीबाईनं हौसाला उचलून उन्हाच्या तोंडाशी उंबऱ्यावर बसवलं आणि पळीच्या दांड्यानं तिची जीभ दाबली. पोरांची नावं राहीबाई विसरायची, घसे विसरायची नाही. एखादा मिसरूड फुटलेला गडी रस्त्यात पाया पडला की ती त्याच्या बापाचं नाव विचारायची, पण त्याच्या घशात डाव्या बाजूला जुना व्रण आहे हे तिला आठवत असायचं. तीस वर्षांत तिनं घशांचे दोन प्रकार ओळखले होते. एक नुसता घसा. त्यात नाक वाहतं, खोकला असतो, डोळे पाणावतात, पोर किरकिरतं पण खातं. आणि दुसरा, ज्याला ती दह्याचा घसा म्हणायची. त्यात नाक कोरडं, खोकला नाही. ताप एकदम चढतो, सकाळी खेळणारं पोर दुपारी आडवं. डोकं दुखतं, पोटात दुखतं, एखादं ओकतं. थुंकी गिळतानाही तोंड वाकडं करतं. आत दोन्ही बाजूंच्या गाठी लालभडक सुजलेल्या, आणि त्यांच्यावर विरजण लागल्यासारखे पांढरे ठिपके. जबड्याखाली बोटं लावली की सुपारीएवढ्या गाठी लागतात आणि पोर हात झिडकारतं.

हौसानं हात झिडकारला.

"दह्याचा," राहीबाई म्हणाली.

"केरबाभावजींच्या जोतिबासारका?"

"तसलाच."

जोतिबा हा पलीकडच्या गल्लीतल्या केरबाचा नऊ वर्षांचा मुलगा. गेल्या रविवारी तो रांगेत तिसरा होता. त्याचा ताप तेव्हा चार दिवसांचा होता. दोन रविवार आणा, सुटेल, असं राहीबाईनं केरबाला सांगितलं होतं. दह्याचा घसा अवघड असतो, दोन-तीन वेळा दाबावा लागतो, हे तिला ठाऊक होतं. तो अवघड का असतो याचा विचार तिनं केला नव्हता.

"या ऐतवारी हौसाला पयली बसवते," ती म्हणाली. "झालं समादान?"

अंजनाचं समाधान झालं. त्या वेळची भाकरी गोल आली.

रविवारी हौसा पहिली बसली. राहीबाईनं अंगठा मिठात आणि राखेत बुडवला आणि दोन्ही बाजूंचं दही चांगलं दाबून काढलं. हौसा ओरडली नाही, तिला ओरडवतच नव्हतं. मग तिच्यामागची सगळी पोरं एकेक करून पुढं सरकली. गेल्या वेळची पुन्हा आली होतीच, शिवाय नुसता खोकला असलेली नऊ नवी होती. माघातल्या थंडीत खोकला पुष्कळ असतो. जोतिबा मात्र आला नाही. त्याचा ताप उतरला, तो खेळायला लागला, असं त्याची आई विहिरीवर कुणाला तरी म्हणाली होती. राहीबाईला ते ऐकून बरं वाटलं होतं. शेवटचं पोर उठल्यावर तिनं नेमाप्रमाणं हात धुतले.

गुरुवारी सांजच्याला केरबा आला. तो सोप्यात बसला, पाणी प्यायला, आणि नानासोंशी ज्वारीच्या काढणीबद्दल बोलत राहिला. राहीबाईनं चहा ठेवला. चहा पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "वैनी, जोतिबाचं सांदं धरल्याती."

"सांदं? नऊ वर्साच्या पोराचं?"

"मंगळवारी गुडगा सुजला. काल त्यो उतरला आन् घोटा सुजला. आज कोपराला हात लावू देईना. दोशी डाक्तरकडं नेला हुता वडूजला. त्यानं छातीला नळी लावली. म्हनला, काळजात फुसफुस ऐकू येती."

"सांद्याचं आन् काळजाचं काय?"

"मीबी त्येच इचारलं. त्यो म्हनला, म्हयनाभरात पोराचा घसा धरला हुता का? म्हनलं, व्हय, पर बरा झाला. म्हनला, त्यो बरा झाला न्हाई, त्यो खाली उतरला. आधी सांदं धरतो, मग काळीज. सांदं सुटतील म्हनला. काळजाचं सांगता येत न्हाई. आता तीन म्हयनं हातरुनातनं उठू द्यायचं न्हाई. धावायचं तर नावच नको."

केरबानं राहीबाईला बोल लावला नाही. लावला असता तर तिला बरं वाटलं असतं. मूर्खासारखं बोलणाऱ्याला काय उत्तर द्यायचं ते तिला चांगलं माहीत होतं. 

"आनिक काय म्हनला डाक्तर?"

"म्हनला, ताप आल्यापास्नं आठ-धा दिसांत आनला आस्ता तर नवी सुई हाय, त्यानं ह्ये टळतं."

राहीबाईनं आत बघितलं. हौसा भिंतीला टेकून बसली होती. ताप निम्मा उतरला होता. दूध नको म्हणत होती, ताक मागत होती. तिला ताप आला तो गेल्या गुरुवारी. आज आठवा दिवस.

"उद्या गाडी जुपा," ती नवऱ्याला म्हणाली.

"उद्या कडबा भरायचाय. गडी सांगून ठिवल्यात."

"मग त्यांला न्हाई म्हनून सांगा."

नानासो उठून गड्यांना सांगायला गेले. तीस वर्षांच्या संसारात बायकोचा कुठला आवाज वादाचा आणि कुठला नव्हे एवढं त्यांना कळायला लागलं होतं.

दोशी डॉक्टरांचा दवाखाना वडूजच्या पेठेत एका कापडदुकानाच्या मागं होता. बाकावर सहा पोरं आणि त्यांच्या आया बसल्या होत्या. राहीबाईला रांगेत बसायची सवय नव्हती, ती भिंतीशी उभी राहून बघत राहिली. डॉक्टर चष्मा लावलेला, शिडशिडीत माणूस होता. तो पोराच्या घशात बघायचा, मग कोपऱ्यातल्या तस्तात साबणानं हात धुवायचा, टॉवेलला पुसायचा आणि पुढच्या पोराला बोलवायचा. चमचा दर वेळी उकळत्या पाण्यातून काढलेला. सहा पोरं, सहा वेळा हात. याच्या हाताला गुण कसा राहणार, असं राहीबाईच्या मनात आलं.

हौसाची पाळी आली.

"काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"आट दिस झालं. आदी लय ताप हुता, आता निम्मा हाय. नाक कोरडं, खोकला न्हाई. गाठींवर दही हाय, दोनी बाजूला. टाळूवर तांबडं ठिपकं. जबड्याखाली उजव्या अंगाला मोठी गाठ, डाव्या अंगाला बारकी."

डॉक्टरांनी चमचा घालून बघितलं. जबड्याखाली चाचपलं. मग छातीला नळी लावून पुष्कळ वेळ ऐकत राहिले. अंजना सासूच्या मागं उभी होती. नळी कानांतून निघाली.

"अजून काळीज स्वच्छ आहे," ते म्हणाले. "पेनिसिलिन देतो. रोज एक सुई, दहा दिवस. ताप उतरला, पोरगी पळायला लागली, तरी एकही दिवस चुकवायचा नाही. पुढं महिनाभर सांधे बघत राहा. एखादा सुजला, दम लागला, तर त्याच दिवशी घेऊन या." मग ते राहीबाईकडं वळले. "तुम्ही सांगितलंत ते सगळं बरोबर आहे. तुम्हाला कुणी शिकवलं?"

"बगून बगून."

"तुमच्या बाजूची पोरं जास्त येऊ लागलीत या आठवड्यात. तिकडं कुणी घशात बोट घालतं का?"

"हाय एक बाई."

"तिला बंद करायला सांगा."

"सांगते," राहीबाई म्हणाली.

अंजनानं तोंडाला पदर लावला. डॉक्टर हात धुवायला गेले.

"डाक्तर, ह्ये हात सारकं का धुताय?"

"एकाच्या घशातलं दुसऱ्याच्या घशात जाऊ नये म्हणून."

"त्ये जातं?"

"हातानं जातं, चमच्यानं जातं, पेल्यानं जातं. खोकल्यानंही जातं."

"आन् हाताला मीठ आन् राख असंल तर?"

"तरी जातं. का?"

"काय न्हाई. इचारलं."

परतीच्या वाटेवर राहीबाई गाडीत मागच्या अंगाला बसली. हौसा तिच्या मांडीवर झोपली होती. दोन्ही बाजूंना उभी ज्वारी वाळून खडखडत होती आणि नानासो पिकाकडं बघून काढणीचं काय काय राहिलंय ते पुटपुटत होते. राहीबाईच्या डोळ्यांपुढं मात्र म्हसवडचं सुलामावशीचं दार आलं. त्या दारात पाणी नव्हतं. माणदेशात तेव्हा पाणी कुणाच्याच दारात नव्हतं. मावशी कोसभर लांबच्या झऱ्यावरून वाटीवाटीनं घागर भरून आणायची, आणि त्या घागरीत घरादाराचं भागवायची. अशा घरात दर पोरामागं हात कोण धुणार. म्हणून मावशी सगळं आटपल्यावर एकदाच धुवायची. नेम म्हणून ती ते कधी ठरवून बसली असेल की नाही कोण जाणे. राहीबाईला सांगताना मात्र तिनं नेम म्हणूनच सांगितलं, आणि पुढं गुणाचं काहीतरी जोडलं. राहीबाईच्या दाराशी मात्र विहीर होती. लग्न होऊन आली त्या दिवसापासून विहीर होती, बारा महिने पाणी होतं, आणि तीस वर्षं ती त्या पाण्याशेजारी बसून हात न धुता घसे दाबत आली होती.

घरी पोचल्यावर ती जेवली नाही. लुगड्याचा ओचा नीट खोवून ती गल्लीत गेली. दर घरात जाऊन "घसा बगू" म्हणायची, पोराला उन्हात आणायची, पळीच्या दांड्यानं बघायची, दांडा धुवायची आणि पुढच्या घरी जायची. आयांना कौतुक वाटलं. रविवार नसताना राहीबाई आपण होऊन दारात आली होती. दोघींनी तिला कुंकू लावलं. दिवेलागणीपर्यंत चार गल्ल्या झाल्या, शनिवारी सकाळी उरलेली घरं आणि शेजारची वाडी.

मग तिनं सूप घेतलं, त्यात चिंचोके मांडले आणि दोन्ही रविवारच्या रांगा पुन्हा बसवल्या. कोण कुणाच्या मागं बसलं होतं हे तिला आठवत होतं, कारण तिला ते घशांवरून आठवत होतं. पहिल्या रविवारी चौदा पोरं, त्यांत जोतिबा तिसरा. त्याच्या आधीची दोन: काही नाही. त्याच्यामागची अकरा: हौसा धरून आठांना दही. दुसऱ्या रविवारी हौसा पहिली. तिच्यामागं नुसता खोकला घेऊन आलेली नवी नऊ पोरं: सातांना दही. ज्यांना ताप नाही म्हणून आणलंच नव्हतं अशी बावीस पोरं तिनं मुद्दाम बघितली होती. त्यांत एकाला.

अंजना मागून येऊन सुपात बघत उभी राहिली.

"ह्यो जोतिबा?" तिनं तिसरा चिंचोका दाखवला.

"व्हय."

"आन् ही आमची?"

"व्हय."

 दुसऱ्या रांगेत हौसा पहिली होती, अंजनाच्याच हट्टानं. भांडायला पुष्कळ होतं. पण ती खाली बसली आणि म्हणाली, "ह्या सातांचा ताप अजून तीन दिसांचाच असंल."

"तीन दिसांचा. पयल्या ऐतवारच्या सातांचा धा दिसांचा व्हायला आला."

शनिवारी दुपारी दुसऱ्या सुईला गेल्यावर राहीबाईनं डॉक्टरांना विचारलं, "सुई किती पोरांना पुरंल?"

"का? किती आहेत?"

"ही सोडून चौदा. आन् वट्यावर न आलेलं एक."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला. आज आणि उद्यापुरतं त्यांच्याजवळ होतं, बाकीचं ते साताऱ्याहून सर्व्हिस मोटारीनं मागवणार होते. "सगळ्यांना आणा," ते म्हणाले. "दहा दिवस होऊन गेले असले तरी आणा, काळीज तपासायला पाहिजे. त्या बाईला सांगितलंत का?"

"सांगितलं."

"ऐकलं का तिनं?"

"आज सांजच्याला कळंल."

संध्याकाळी जेवणं लवकर झाली. अंजना भांडी आवरत होती, नानासो सुपारी कातरत होते, हौसा आजोबांच्या पाठीला टेकून बसली होती. राहीबाई चुलीपाशीच बसून राहिली.

"उद्या ऐतवार," नानासो म्हणाले. "वट्यावर पोरं येतील. मागल्यापरीस जास्ती येतील, समदी आजारी हायती."

"येऊ द्यात," राहीबाई म्हणाली. "मी बगनार. हात घालनार न्हाई. उद्या न्हाई, परवा न्हाई, हितनं म्होरं कवाच न्हाई."

"मानसं इचारतील की."

"सांगीन. माज्या अंगट्यानं ह्याच्या घशातलं त्याच्या घशात गेलं म्हनून सांगीन. आता केरबाकडं निगाले, आदी त्याला सांगते. दोन ऐतवार थांब म्हनून मीच सांगितलं हुतं त्याला. मग त्याची गाडी मागते. त्यानं दिली तर दोन गाड्या, न्हाई दिली तर एकीच्या दोन खेपा."

"आन् ज्वारी?" नानासोंनी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या रानात. धा दिस गाडी वडूजला जाईल. ज्याला खोकला हाय, नाक वाहतंय, त्येनं घरी मिठाच्या गुळन्या करायच्या, त्याला गाडीत जागा न्हाई. ज्याच्या गाठींवर दही हाय त्यो गाडीत बसंल, त्याची आई नको म्हनली तरी बसंल. अंजना माज्यासंगं बगाय उबी ऱ्हाईल, दोन दिसांत तिला कळाय लागंल. दर पोरामागं तिनं हात धुवायचा आन् दांडा उकळायचा. तुमी बैलास्नी आताच पेंड घाला."